फक्कीची रेघ

मावशी, तू गेल्यापासून मला एकच स्वप्न पडतंय, आणि तेही भर दुपारी. जेवण झाल्यावर जरा डोळा लागतो, तेवढ्यात खाडीचं पाणी बंदराच्या पायऱ्या चढून वर यायला लागतं. आवाज नाही, घाई नाही. पार्किंगमधल्या गाड्या एकेक करून जमिनीवरून सुटतात आणि हलकेच तरंगायला लागतात. कुणी ओरडत नाही, कुणी हॉर्न वाजवत नाही. तू कमरेवर बादली टेकवून गुडघाभर पाण्यातून त्यांच्यामधून चालत असतेस आणि मुठीनं फक्की सोडत पाण्यावर रेघ मारत असतेस. रेघ टिकते. मी काठावरून म्हणते, अगं मावशी, पाण्यावर फक्की कुठे टिकते का. तू वळूनसुद्धा बघत नाहीस. मग जाग येते, आणि पंखा फिरत असतो.

जागेपणी घशात एक वाक्य अडकलेलं असतं. दहा-अकरा वर्षं ते तिथेच आहे. तुला सांगायचं होतं, सांगितलं नाही, आणि आता उशीर झालाय. किती उशीर झालाय ते मला तुझ्या बाराव्याला कळलं. तरी सांगते. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे सगळं सुगंधाकडे देईन. सुनेनं वाचून दाखवायची सवय तुला आहेच.

पहिला दिवस तुला आठवत असेल. मी पुण्याहून लग्न होऊन पनवेलला आलेली, नकाशे काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत नवी नोकरी. विमानतळ येणार, येणार अशी नुसती चर्चा होती आणि तेवढ्यावर खारघरपासून गव्हाणपर्यंत जमिनीचे भाव चढत होते. आमच्या कंपनीला खाडीकाठाच्या आराखड्याचं काम मिळालं होतं: फिरायला रस्ता, बाकं, दिवे, झाडं, आणि बाजारातली गर्दी कमी व्हावी म्हणून मोठं पार्किंग. मार्गशीर्षातली दुपार होती. मी टेप, वही आणि टोपी घेऊन बंदरावर आले. ओहोटी लागलेली. चिखल उन्हात चमकत होता, तिवरांच्या मुळांपाशी निवट्या, चिखलातले ते चिमुकले मासे, उड्या मारत होत्या, आणि एवढं सगळं शांत होतं की मला पेन उघडल्याचा आवाज ऐकू आला.

तू सावलीत बसून जाळं सांधत होतीस. मला बोलावून पाणी दिलंस. माझं माहेर विचारलंस, नवरा काय करतो विचारलंस, डब्यात काय आणलंय तेही विचारलंस, आणि दुधीची भाजी बघून तोंडावर पदर घेऊन हसलीस. मी तुझं नाव विचारलं, मुलं किती विचारलं, कोलंबीचा भाव विचारला, जी मी खातही नव्हते. अर्धा तास आपण गप्पा मारल्या. आपल्यापासून पन्नास पावलांवर मोकळ्या मैदानातून एक पांढरी, जराशी पुसट रेघ गेली होती. फक्कीची. शाळेच्या मैदानावर आखतात तसली चुन्याची भुकटी. ती कसली रेघ, एवढं मात्र मी विचारलं नाही.

विचारायची गरजच वाटली नाही, मावशी. इथल्या गावागावात कबड्डी, हे मी पनवेलला आल्या आल्या ऐकलं होतं. फक्कीची रेघ आणि सपाट मैदान बघितल्यावर मला सगळं समजलंच. पाणी तर पार खाली, पायऱ्यांच्या तळाशी. भरतीची खूण म्हणून मी पायऱ्यांवरचा ओला डाग धरला. वहीत लिहिलं: ‘मोकळी जागा, खेळाचे मैदान.’ हुशार होते मी तेव्हा, फार हुशार.

नंतर तूच मला शिकवलंस की पाणी रोज सारखं चढत नाही. अष्टमीच्या आसपास ते आखडतं, त्याला तुम्ही भांग म्हणता. पुनवेला आणि अवसेला फुगतं, ते उधाण. मी आले होते तो भांगाचा दिवस होता. श्रावणातल्या पुनवेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुपारी, पाणी वर्षातलं सगळ्यात लांब येतं, आणि जिथे येऊन थांबतं तिथे तुमच्या घरातली बाई खुंट्या ठोकते. पावसात फक्की टिकत नाही, म्हणून दसऱ्यापर्यंत नुसत्या खुंट्या. दसऱ्याला त्या खुंट्या जोडत रेघ मारायची आणि खुंट्या उपटून घ्यायच्या. मग वर्षभर होड्या, जाळी, वाळत घातलेला जवळा, सगळं रेघेच्या वर. तुला हे तुझ्या सासूनं शिकवलं होतं. पण हे मला कळलं तेव्हा नकाशा छापून झाला होता.

आणि कुठे कळलं? आराखड्यावरच्या भर सुनावणीत. हॉलमध्ये पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर पांढरं कापड. हरकती आणि सूचना ऐकायला सरकारी अधिकारी आणि आमच्या कंपनीचे साहेब बसलेले, आणि त्यांच्या शेजारी नकाशाचे कागद उलगडून दाखवायला मी. लोक बोलत होते. सोसायटीवाले म्हणाले पार्किंग पाहिजेच, बाजारवाले म्हणाले दुप्पट पाहिजे. मग तू उठलीस. हातात माइक धरायला नकार दिलास, कारण तुझा आवाज माइकशिवायच मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता.

तू म्हणालीस, “ही जागा मोकली हाय असा कोनी लिवलाय? ती रेघ कबड्डीची नाय. पानी येता तिथपरयंत, त्याची रेघ हाय ती.”

हॉलमध्ये थोडं हसू झालं. आमचे साहेब शांतपणे म्हणाले, सर्वेक्षणात तसं आढळलं आहे. तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही, ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं. म्हणजे आता ही सांगेल, हिला मी पाणी दिलं होतं, ही तिथे बसली होती. आणि मी कागदाचा कोपरा सरळ करत राहिले. हातांना तेवढंच काम सापडलं.

मी तेव्हा बोलले असते तर नोकरी गेली असती का? माहीत नाही. बहुतेक बोलणी बसली असती आणि नकाशा पुन्हा काढावा लागला असता, एवढंच. मी भ्याले, मावशी. एवढ्याशासाठी भ्याले. उन्हाळ्यात मुरूम पडला, रोलर फिरला, आणि तुमची जाळी वाळवायची जागा गेली. होड्या तिवरांच्या बाजूला, चिखलात, अडचणीत गेल्या. तुझी जागा गेली ती माझ्या वहीतल्या एका ओळीनं.

तरीही मी तुझ्याकडे येत राहिले. का येत होते ते मलाही नीट सांगता यायचं नाही. शनिवारी हाफ डे असायचा. मी बंदराच्या दगडावर येऊन बसायचे, तू मासळीची पाटी रिकामी करून यायचीस, आणि मग आपण भांडायचो. तुझ्याशी भांडायला मला फार आवडायचं. मी म्हणायचे, मावशी, पार्किंग नसतं तर गाड्या तुझ्या गल्लीत लागल्या असत्या, तुझ्या उंबऱ्यावर. तू म्हणायचीस, गारीला सावली पायजे, जागा पायजे, आन मी पाटी घेऊन सहा आसनी रिक्षात चढाय गेले का ड्रायवर नाक दाबतो. त्याला वास येतो. मग मी कशी जानार बाजारात, तरंगत?

मग मी बसचा विषय काढायचे. तुझं म्हणणं सरळ होतं: सकाळी एक बस बंदरावर यावी, तीत पाट्या ठेवायला मागे जागा असावी. ती दे, मंग तुजा पार्किंग, तुजा बाग, काय करायचा ते कर. मी पुढच्या आराखड्यात बंदरावर बसथांबा काढला. कुणी सांगितलं नव्हतं, माझा मीच काढला. नवल म्हणजे तो मंजूर झाला. खांब आला, पाटी लागली. बस आठ महिने आली आणि बंद पडली. खांब अजून आहे आणि त्याला टेकून म्हातारे गप्पा मारतात. तू म्हणायचीस, अर्धा काम झाला. मी म्हणायचे, नाही, काहीच झालं नाही. हे भांडण राहूनच गेलं. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं.

खरं सांगू, मला तो फिरायचा रस्ताही आवडतो. तुला आवडायचा नाही, पण संध्याकाळी म्हातारी माणसं तिथे चालतात, बुरख्यातल्या बायका मुलींना घेऊन बाकावर बसतात, कुणी नुसतंच पाण्याकडे बघत उभं असतं. ते बघून माझा जीव निवतो. तुला हे सांगितलं की तू म्हणायचीस, बघूदे ना, बघाय कोन नाय बोलतो, पन पान्याला पन येऊदे.

आणि पाणी आलंच. पार्किंग झाल्यावर पहिल्याच श्रावणात, पुनवेच्या तिसऱ्या दिवशी. मला तुझ्या मुलाचा, दामूचा मिस्ड कॉल आला आणि मी ऑफिसमधून धावत आले. ढग होते पण पाऊस नव्हता. पाणी फुटपाथवरून अलगद उतरून मुरमावर पसरलं होतं, काचेसारखं सपाट, आणि त्यात पंधरा-वीस गाड्या चाकभर बुडून उभ्या. आकाश खाली आलं होतं आणि गाड्या ढगात लावल्यासारख्या दिसत होत्या. मला हे फार सुंदर वाटलं, आणि सुंदर वाटलं म्हणून लाज वाटली. दामू आणि कोळीवाड्यातले चार जण गाड्या ढकलत होते. मालक चपला हातात घेऊन काठावर उभे. तू त्यांना चहा देत होतीस. मला वाटलं होतं तू हसशील, टोमणा मारशील. तू म्हणालीस, गाड्यांना काय म्हाईत, नेल्या तिकडं गेल्या.

नंतर तू खुंट्या ठोकल्यास, गाड्यांच्या मधून, जशा आधी ठोकायचीस तशा. आणि दसऱ्याला मला निरोप पाठवलास. मी आले तर बादली माझ्या हातात दिलीस. “ह्या बारीला रेघ तू मार. माजी कंबर गेली.”

तुझी कंबर गेली नव्हती. त्याच आठवड्यात तुला भरलेली पाटी डोक्यावर घेऊन उड्डाणपूल चढताना मी पाहिलं होतं. पण मला वाटलं, माया आहे. मी पदर खोचला आणि रेघ मारायला घेतली. शिक्षण सगळं पट्टी घेऊन रेघा मारण्यात गेलेलं, त्यामुळे मी पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत नजर लावून मस्त सरळ रेघ मारली. मधल्या खुंट्या दोन-दोन हात बाजूला राहिल्या. तू ती पायानं पुसून टाकलीस. “पानी सरल नाय येत, बाय. खुंटी बघ, पुढं नको बघू.”

दर दसऱ्याला हेच. दर दसऱ्याला तू बादली द्यायचीस, मी रेघ मारायचे, आणि तू कुठेतरी पायानं पुसून तो तुकडा पुन्हा मारायला लावायचीस. माझी रेघ तुला कधी पसंत पडली नाही. चिडायचे मी. एकदा तर बादली ठेवून म्हटलं होतं, तूच मार मग. तू खाली बसून विडा लावत राहिलीस, जणू काही ऐकलंच नाही, आणि मी दहा मिनिटांनी गुपचूप बादली उचलली.

कितीदा सांगायला आले होते मी तुला. एकदा दगडावर, तू अर्धवट झोपेत होतीस, पाणी चढत होतं. मी म्हटलं, मावशी, ती जागा… तू डोळे न उघडता म्हणालीस, गप, पानी ऐक. एकदा आमच्या घरी आली होतीस, गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसून तूप-भात खाल्लास, तेव्हा. आणि शेवटी दवाखान्यात. उलव्याच्या बाजूला विमानतळासाठी डोंगर कापत होते, त्याचा धमाका अधूनमधून ऐकल्यासारखा वाटायचा, आणि खिडकीची काच थरथरायची. तू वाळून एवढीशी झाली होतीस. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, मला तुला एक सांगायचंय, फार जुनं आहे. तू माझ्याकडे बघितलंस, अगदी त्या हॉलमधल्यासारखं, आणि विचारलंस, “दसऱ्याला येशील ना?”

मी म्हटलं, येईन. ते वाक्य पुन्हा आत गेलं.

तू भाद्रपदात गेलीस. श्रावणातल्या खुंट्या तूच ठोकून घेतल्या होत्यास, पार्किंगच्या वॉचमनच्या खुर्चीवर बसून, काठीनं जागा दाखवत. ठोकत होता दामू, ओरडत होतीस तू.

बाराव्याला मी मागच्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. सुगंधा आली, माझ्या शेजारी बसली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. आमचाच नकाशा. सुनावणीच्या दिवशी सगळ्यांना वाटलेला. घड्यांवर फाटत आलेला, आणि त्याला सुक्या मासळीचा वास. उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत छापलेलं: ‘स्थळपाहणी व रेखाटन’, आणि पुढे माझं पूर्ण नाव. खाली माझी सही, जिचा मला तेव्हा केवढा अभिमान होता.

सुगंधा म्हणाली, सुनावणी झाली त्याच संध्याकाळी मी हा सासूला वाचून दाखवला होता. नाव वाचलं तशी तिनं कागदाची घडी घातली. मंग बोलली, कोनाला सांगू नको. आपली बाय हाय ती. तिला रेघ शिकवू.

मावशी, मी तिथे सगळ्यांसमोर रडले. बायकांना वाटलं तुझ्यासाठी. तुझ्यासाठीच होतं, पण त्यात रागही होता. तुला माहीत होतं. पहिल्या दसऱ्याला बादली दिलीस तेव्हा माहीत होतं, आणि “गप, पानी ऐक” म्हणालीस तेव्हाही. तू मला माफी मागू दिली नाहीस. दहा वर्षं मी मनातल्या मनात भुईला नाक घासत होते आणि तू समोर बसून विडा चघळत माझी रेघ पुसत होतीस. असं कुणी करतं का? आणि मग घरी येताना रिक्षात मला हसू आलं, कारण हे फक्त तूच करू शकली असतीस. तू मला रागावली असतीस तर मी एकदा रडून मोकळी झाले असते आणि परत बंदराकडे फिरकले नसते.

परवा दसरा झाला. मी सकाळीच फक्की आणली, तुझी बादली सुगंधाकडून घेतली. गाड्या होत्याच. दामूनं चार जणांना सांगून थोड्या हलवून घेतल्या होत्या. ऊन कोवळं होतं, पाणी लांब खाली, आणि सगळं त्या पहिल्या दुपारइतकं शांत. मी पहिल्या खुंटीपाशी उभी राहिले. पुढे बघितलं नाही. एका खुंटीपासून दुसरीपर्यंत, मग तिसरीपर्यंत. रेघ पार्किंगच्या आखलेल्या चौकोनांमधून गेली, एका गाडीच्या चाकामागून वळली, बसथांब्याच्या खांबाला वळसा घालून आत शिरली आणि परत बाहेर आली. तुझ्या पायाची वाट बघत मी मध्ये एकदा थांबले. कुणी पुसायला आलं नाही.

वॉचमन नवीन आहे, लातूरकडचा, याच महिन्यात आलाय. खुर्चीवर बसून तो सगळं बघत होता. मी जवळ आल्यावर उठून म्हणाला, “मॅडम, ही रेघ कसली?”

त्यानं विचारलं, मावशी. पहिल्याच दिवशी विचारलं.

मी बादली खाली ठेवली आणि त्याला सांगितलं, “पाणी इथपर्यंत येतं. मी नकाशात इथे मोकळी जागा लिहिली होती. चूक माझी होती.”

एवढंच होतं ते वाक्य. एका परक्या माणसाला सांगायला श्वास घ्यावा तेवढा वेळ लागला. त्यानं रेघेकडे पाहिलं, खाली लांब गेलेल्या पाण्याकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची उचलून रेघेच्या वर नेऊन ठेवली.

मी खुंट्या उपटून धुतल्या आणि सुगंधाकडे दिल्या. पुढच्या श्रावणात ती ठोकेल, मी फक्की आणेन. बस अजून येत नाही, त्यासाठी नवा अर्ज लिहितेय.

मावशी, या वेळी रेघ वाकडी आली आहे.